शर्यतीच्या वेळेचे अंतरानुसार रूपांतर

एका अंतराच्या शर्यतीत नोंदवलेल्या वेळेवरून दुसऱ्या अंतरासाठी लागणाऱ्या वेळेचा अंदाज बांधण्याची पद्धत. अंतर वाढेल तसा टिकवता येणारा वेग घटतो. त्यामुळे अंतर दुप्पट झाले की वेळ दुपटीहून अधिक लागते. अमेरिकन अभियंता पीट रीगल यांनी १९७७ मध्ये हे नाते सूत्रबद्ध केले : नव्या व जुन्या अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ हा घात काढून त्याने ज्ञात वेळेस गुणावे. त्यानुसार दुप्पट अंतराला वेळ सुमारे २.०८५ पट लागते.

उदा., १० किमी. अंतर ५० मिनिटांत, म्हणजे दर किमी.ला ५ मिनिटे या गतीने धावणाऱ्यास अर्धमॅरेथॉनसाठी (२१.०९७५ किमी.) सुमारे १ तास ५० मिनिटे लागतील, दर किमी.ला ५ मिनिटे १४ सेकंद पडतील. मॅरेथॉनसाठी (४२.१९५ किमी.) हा अंदाज ३ तास ५० मिनिटे येतो.

दोन्ही अंतरांचा पुरेसा सराव येथे गृहीत आहे. मॅरेथॉनच्या उत्तरार्धात स्नायूंतील ग्लायकोजेनचा साठा संपत येतो. लांब पल्ल्याचा सराव नसल्यास प्रत्यक्ष वेळ अंदाजापेक्षा बरीच जास्त भरते. चढउतार, उष्मा व दमटपणा यांचा सूत्रात विचार नाही. म्हणून अलीकडच्या आणि शक्यतो जवळच्या अंतराच्या शर्यतीची वेळच आधाराला घ्यावी.