बारा आणे शेकडा

श्रावणात मी एका बँकेत कर्ज मागायला गेले होते. स्वतःला राहायला घर हवे म्हणून नव्हे. तालुक्याच्या गावी एखादी खोली घ्यावी, ती भाड्याने द्यावी आणि म्हातारपणी तेवढाच हातभार व्हावा, एवढीच उडी. मॅट्रिकनंतर चित्रकलेचा अभ्यासक्रम पुरा करून खासगी शाळेत लागले, त्यामुळे पेन्शनचे नाव नाही. चार कादंबऱ्या छापून आल्या आहेत. पण कादंबरी तारण ठेवून घेणारा सावकार अजून जन्माला यायचा आहे.

बँकेतल्या तरुण साहेबांनी पगाराची चिठ्ठी पाहिली. बत्तीस हजार. त्यातून पतपेढीच्या जुन्या कर्जाचे सहा हजार आधीच जातात. खोली चौदा लाखांची, गाठीला तीन. उरलेल्या अकरा लाखांची मागणी ऐकून ते अदबीने म्हणाले, "बाई, दोन्ही हप्ते मिळून पगाराच्या निम्म्यावर जातात. आईंच्या नावावरचे घर जोडीला तारण देता आले तर पाहा."

मी घरी येऊन हे आईला सांगितले. ती काही बोलली नाही. माळ्यावरची ट्रंक उतरवायला लावून तिने तळाचा एक पिवळा कागद माझ्या हाती दिला. ते माझ्या पणजोबांचे गहाणखत होते.

पणजोबा पुण्यात प्राथमिक शाळेत मास्तर होते. १९३९ साली त्यांनी वाड्याच्या मागच्या अंगाला चार खोल्या बांधल्या, बिऱ्हाडांना देण्यासाठी. खर्च चोवीसशे रुपये. नऊशे शिलकीतले, पंधराशे राहता वाडा गहाण ठेवून काढलेले. व्याज 'दरमहा दरशेकडा बारा आणे', म्हणजे साल नऊ टक्के. दर खोलीला भाडे सहा रुपये. महिन्याला चोवीस यायचे, सव्वाअकरा व्याजाला जायचे, उरलेल्यात पालिकेची पट्टी, डागडुजी आणि मुद्दलाची फेड. हिशोब चोख होता. आजी सांगे की घोळ झाला तो गहाण कोणत्या जातीचे असावे यावरून.

गहाणाच्या जाती असतात, हे आज पुष्कळांना ठाऊक नसेल. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने त्या नेमून दिल्या. नजरगहाणात मिळकतीचा ताबा ऋणकोकडेच राहतो. ताबेगहाणात मिळकत सावकाराच्या हाती जाते. तिचे उत्पन्न तो व्याजापोटी खातो आणि करारात तसे लिहिलेले नसेल तर मुद्दल जागचे हलत नाही. तिसरा प्रकार मुदतखरेदीचा. दिसायला ती विक्री. ठरल्या मुदतीत पैसे परत केले तर मिळकत परत, नाही तर कायमची गेली.

या फरकांवर या मुलखात रक्त तापलेले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. तो वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. रोखे आणि गहाणखते मागून घ्यायची आणि जाळायची. कारण कोर्टात कागद बोलत असे आणि अंगठा उठवणाऱ्याला तो वाचता येत नसे. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि कागदामागचा व्यवहार मुळापासून तपासण्याची मुभा कोर्टांना मिळाली. शिवाय हिंदूंमध्ये दामदुपटीचा जुना नियम होताच: एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये.

पणजोबांच्या सावकाराला हवे होते ताबेगहाण. भाडे आपणच वसूल करू, मास्तरांना त्रास नको, असे तो गोड बोले. पणजोबांना ते पटलेही होते. बिऱ्हाडकरूंच्या दारात उभे राहण्याचा त्यांना संकोच वाटे. पण पणजी दाराआडून म्हणाली, "भाडं मागायला जो दारात उभा राहील, त्यालाच लोक मालक म्हणतील." झाले! कागद नजरगहाणाचा झाला.

तो कागद फिटला १९४९ साली. मात्र तोवर हिशोबच फिरला होता. महायुद्धाने महागाई आणली. माणसे शहरांत लोटली, फाळणीनंतर निर्वासित आले आणि डोक्यावर छप्पर मिळेना. अशा वेळी १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच सामान्यतः प्रमाण धरले गेले. पणजोबांच्या खोल्यांचे सहा रुपये सहाच राहिले. तांदूळ वाढला, चुना वाढला, गवंड्याची मजुरी वाढली. भाडे वाढले नाही. त्या चार खोल्यांत एक पोस्टमन, एक विधवा शिवणकाम करणारी आणि दोन कारकून राहत. कायदा नसता तर ती बिऱ्हाडे रस्त्यावर आली असती, हेही आजी सांगे आणि एका पावसाळ्यात मागची भिंत बसली तेव्हा दुरुस्तीला आजोबांनी तिच्या पाटल्या मोडल्या, हेही सांगे. गोठवलेले प्रमाण भाडे काळाच्या ओघात अन्यायाचे झाले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले ते १९९७ साली. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला आणि वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. तोवर आमचा वाडा पडून तिथे इमारत उभी राहिली होती. आईचे आजचे घर ते त्याच जागेतले.

पगारदाराला घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज देण्याची आजची रीत रुळली ती त्यामानाने अलीकडे. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी मुंबईत एचडीएफसी ही संस्था काढली. १९८८ साली राष्ट्रीय गृहनिर्माण बँक आली. सावकार भिंती पाहून पैसे देई. या संस्था पगार पाहून देऊ लागल्या. बेताच्या मिळकतीच्या माणसावर हा उपकारच झाला. पण २००२ च्या कायद्याने बँकांच्या हाती धारही दिली: कर्ज थकीत ठरले की साठ दिवसांची नोटीस आणि मग कोर्टाची पायरी न चढता तारणाचा ताबा. आईचे घर तारण द्यायचे, ते या धारेखाली.

त्या रात्री मी पणजोबांचा हिशोब आणि माझा शेजारी शेजारी मांडला. त्यांच्या चोवीसशे रुपयांवर वर्षाला दोनशे अठ्ठ्याऐंशी भाडे यायचे. म्हणजे बारा टक्के. व्याज नऊ. माझ्या चौदा लाखांवर भाडे महिना पाच हजार, वर्षाला साठ, सव्वाचार टक्के. व्याज तेच नऊ! त्यांचे भाडे त्यांचे कर्ज ओढून नेत होते. माझे भाडे कर्जाला नुसता हात लावणार; ओढायचे मलाच. आणि चोख हिशोब मांडणाऱ्या पणजोबांनाही पुढे भाड्याने दगा दिलाच की!

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितले, आईचे घर देणार नाही. चौदाची खोली सोडली आणि दहा लाखांची, एका खणाची पाहिली. कर्ज सात लाख, मुदत पंधरा वर्षे, हप्ता सात हजार शंभर. पतपेढीचा धरूनही पगाराच्या निम्म्याच्या आत. खोली सहा महिने रिकामी राहिली तरी हप्ता जाईल, एवढेच मी पाहिले. फेडेपर्यंत सात लाखांचे पावणेतेरा होतील. बाराशे रुपयांसाठी हात आखडणाऱ्या मला हा आकडा अजून झोपेत दिसतो.

दसऱ्याला खोलीची किल्ली मिळाली. बिऱ्हाडकरू अजून आलेला नाही. पहिला हप्ता पगारातून गेला. येत्या लक्ष्मीपूजनाला आई पणजोबांचे गहाणखत चौरंगावर ठेवणार आहे. त्याच्या पाठीवर सावकाराच्या हातचे 'मुद्दल व व्याज पावले' आहे. माझ्या खोलीचे कागद बँकेत आहेत. ते घरी यायला पंधरा दिवाळ्या लागतील.