घरात लॅन वायरिंग करताय? आधी केबल खरवडून बघा

दगडी किंवा चिऱ्याच्या जाड भिंतींच्या जुन्या घरांत वायफाय तिसऱ्या खोलीत पोचेपर्यंत दमतं. टीव्ही, कॉम्प्युटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर अशा एका जागी राहणाऱ्या वस्तूंना सरळ वायर ओढलेली बरी. मोबाईलसाठी वायफाय मोकळं राहतं.

राऊटरला बहुधा चारच लॅन पोर्ट असतात. वस्तू जास्त असतील तर त्यातल्या एका पोर्टला आठ पोर्टचा गिगाबिट स्विच जोडायचा आणि खोल्याखोल्यांच्या केबली तिथं आणायच्या. साध्या स्विचला सेटिंग लागत नाही. फक्त एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचला लावू नका, सगळं नेटवर्क ठप्प होऊ शकतं.

खरी फसगत होते ती केबलमध्ये. स्वस्तातल्या 'कॅट ६' मध्ये पुष्कळदा तांब्याचा नुसता मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. तार ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी निघाली तर परत करा, कारण गिलाव्याआड गेलेली केबल बदलायची म्हणजे पुन्हा गवंडी आलाच. शुद्ध तांब्याची कॅट ६ गिगाबिटचा वेग १०० मीटरपर्यंत नेते. घराला तेवढं पुरून उरतं.

केबलीत आठ तारा असतात आणि गिगाबिटला आठही लागतात. एखादी नीट बसली नाही की वेग बहुधा १०० एमबीपीएसवर येतो, आणि आपण इंटरनेटवाल्याला फोन करत बसतो! दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवायला सांगा. लाईटच्या वायरींच्या पाईपमधून ही केबल नेऊ देऊ नका. वायरमन 'चालतंय की' म्हणाला तरी.