निर्वासित विद्यार्थी आणि ग्रंथालयाचे दार



गांधीबागेच्या कापडबाजारातून मोमिनपुऱ्याकडे जाताना आपण रोज इतिहासावरून चालत असतो. पण त्याची जाणीव आपल्याला क्वचितच होते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी वडीलधाऱ्यांच्या तोंडून एक हकिकत ऐकायला मिळते. १८५७ च्या उठावानंतर अवध आणि त्याच्या पूर्वेकडील जिल्ह्यांतील मोमीन विणकरांची अनेक कुटुंबे गाव सोडून दक्षिणेकडे निघाली. काही कामठीच्या छावणीजवळ थांबली, काही नागपुरात स्थिरावली, तर काही मालेगाव आणि भिवंडीपर्यंत गेली. मागे सूडाची भीती होती, तसाच विलायती कापडाने बुडवलेला धंदा आणि दुष्काळही होता. हातातले कसब बरोबर आले, म्हणून पोट भरले. मुलांच्या शिक्षणाची सोय मात्र गाठोड्यात बांधून आणता येत नाही. ती येथे नव्याने उभारावी लागली, आणि त्यात दोन-तीन पिढ्या गेल्या.

म्हणून निर्वासित विद्यार्थी हा विषय आपल्याला परका नाही. घर गमावलेल्या माणसाला भाकरी आणि छप्पर द्यावे, हे कोणालाही पटते. परंतु कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात असताना ज्याचे गाव सुटले, त्याला भाकरीनंतर काय हवे असते? त्याला हवे असते पुस्तक, शांतपणे बसायला जागा, आणि कागदपत्रे मागण्याआधी ‘काय वाचायचे आहे?’ असे विचारणारा माणूस. या तिन्ही गोष्टी एका छताखाली मिळण्याचे ठिकाण म्हणजे ग्रंथालय. इतिहासात याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

हजार वर्षांपूर्वीची गोष्ट घ्या. बुखाऱ्याचा सामानी सुलतान नूह बिन मन्सूर आजारी पडला असता सतरा-अठरा वर्षांच्या इब्न सिनाने त्याच्यावर उपचार केले आणि त्याबद्दल त्याला शाही ग्रंथालयात प्रवेश मिळाला. एकेका विषयाची एकेक दालने आणि त्यांत ग्रंथांनी भरलेल्या पेट्या, असे त्या ग्रंथालयाचे वर्णन त्याने स्वतः करून ठेवले आहे. पुढे ९९९ मध्ये सामानी सत्ता कोसळली. इब्न सिनाला बुखारा सोडावे लागले आणि गुरगंज, जुरजान, रय, हमदान, इस्फहान असा त्याचा प्रवास चालू राहिला. वैद्यकशास्त्रावरचा त्याचा ‘अल-कानून’ हा ग्रंथ या भटकंतीतच पूर्ण झाला. तरुणपणी एका ग्रंथालयाने दिलेली शिदोरी त्याला जन्मभर पुरली.

आता अलीकडच्या काळात या. कार्ल मार्क्स १८४९ मध्ये लंडनला पोहोचला, तेव्हा प्रशिया आणि फ्रान्स या दोन्ही देशांतून त्याला बाहेर काढण्यात आले होते. त्याच्या विचारांशी कोणी सहमत असो वा नसो; पण १८५० मध्ये ब्रिटिश म्युझियमने त्याला वाचनकक्षाचे प्रवेशपत्र दिले आणि त्या कक्षातल्या अभ्यासातून १८६७ मध्ये ‘भांडवल’ या ग्रंथाचा पहिला खंड बाहेर पडला, हे सर्वांना मान्य करावे लागेल. आपल्या नागपूरशी ज्यांचे नाते दीक्षाभूमीने कायमचे जोडले आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही लंडनमधील विद्यार्थिदशेत याच ग्रंथालयात बसून अभ्यास केला. ते निर्वासित नव्हते. पण ज्याला आपल्याच देशात दारे बंद होती, त्याला उघड्या दाराचे मोल अधिक कळते.

महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेली एक घटना आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेले पोलंडचे नागरिक सुटका झाल्यावर इराणमार्गे हिंदुस्थानात आले. त्यांपैकी सुमारे ५,००० जणांची वसाहत १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे येथे झाली. त्यात स्त्रिया आणि मुलेच अधिक होती. बराकींच्या रांगा, चर्च, दवाखाना आणि मुलांसाठी शाळा असे एक छोटे पोलंडच पंचगंगेच्या खोऱ्यात उभे राहिले. परंतु पोलिश पुस्तके कोल्हापूरच्या बाजारात कोठून मिळणार? त्याच सुमारास, १९४४ मध्ये, हिंदुस्थानात राहणाऱ्या वांडा डिनोव्हस्का या पोलिश विदुषीने ‘पोलिश-भारतीय ग्रंथालय’ नावाची ग्रंथमाला मद्रासला सुरू केली आणि भारतीय ग्रंथांची पोलिश भाषांतरे छापली. लोक त्यांना उमादेवी या नावाने ओळखत. वळिवड्याची वसाहत १९४८ पर्यंत उठली. उमादेवी मात्र येथेच राहिल्या आणि पुढे तिबेटी निर्वासितांच्या सेवेत त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे घालवली.

त्यानंतर आली १९४७ ची फाळणी. दोन्ही बाजूंनी किती संसार उद्ध्वस्त झाले, हे येथे पुन्हा सांगत नाही. विद्यार्थ्यांचे काय झाले, एवढेच पाहू. सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती कल्याणजवळच्या लष्करी बराकींत झाली. तिलाच पुढे उल्हासनगर हे नाव मिळाले. आपल्या नागपुरात जरीपटका वसला. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून विस्थापित झालेल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत दोन लहान खोल्यांत जयहिंद कॉलेज सुरू केले. हैदराबाद (सिंध) येथील नॅशनल कॉलेजचे प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी १९४९ मध्ये वांद्र्याला नॅशनल कॉलेज काढले. सर्वस्व गमावलेल्या या माणसांनी दुकानाबरोबर कॉलेजचीही चिंता केली, हे आपल्या समाजाने लक्षात ठेवावे.

परंतु एक हानी कॉलेज काढूनही भरून निघाली नाही. सिंधी भाषा अरबी वळणाच्या, ५२ अक्षरांच्या लिपीत लिहिली जात होती. येथे वाढलेल्या अनेक मुलांनी देवनागरीच गिरवली. परिणामी आजोबांच्या पेटीतले पुस्तक नातवाला वाचता येईनासे झाले. सिंधीला १९६७ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, तरी घरातले तुटलेले वाचन आपोआप जुळत नाही. उर्दू आणि मराठी या दोन लिप्यांमध्ये वावरणाऱ्या आपल्या मुलांच्या पालकांना हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

कधी कधी ग्रंथालयच निर्वासित होते. लाला लजपतराय यांनी लाहोरात स्थापन केलेले द्वारकादास ग्रंथालय, ज्यात भगतसिंग आणि त्यांचे सहकारी अभ्यास करीत, ते फाळणीनंतर प्रथम सिमल्याला आणि पुढे चंदीगडला आले. १९५९ नंतर तिबेटी लोकांनी हिमालय ओलांडताना अंगावरच्या कपड्यांबरोबर हस्तलिखितेही आणली. त्यांच्या जतनासाठी १९७० मध्ये धरमशाळा येथे तिबेटी ग्रंथालय स्थापन झाले आणि देशोदेशीचे अभ्यासक तेथे येऊ लागले. याच तिबेटी लोकांची एक वसाहत आपल्या विदर्भात, गोंदिया जिल्ह्यातील गोठणगाव-प्रतापगड परिसरात, १९७२ पासून आहे. हिवाळ्यात त्यांच्याकडून स्वेटर घेताना त्यांची मुले कोठे शिकतात, हे आपण कधी विचारले आहे काय?

कायदा याबद्दल काय म्हणतो? १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित कराराच्या २२ व्या कलमानुसार प्राथमिक शिक्षणात निर्वासिताला त्या देशाच्या नागरिकाइतकीच वागणूक मिळावी. वरच्या शिक्षणात प्रवेश, परदेशी प्रमाणपत्रांची मान्यता, फीमाफी आणि शिष्यवृत्ती यांबाबत शक्य तितकी अनुकूल वागणूक द्यावी, असेही ते सांगते. भारताने या करारावर सही केलेली नाही. जगभरचे चित्र पाहिले, तर २०१९ च्या सुमारास उच्च शिक्षणाच्या वयातील निर्वासितांपैकी जेमतेम ३ टक्के तरुण कॉलेजात पोहोचत होते. २०३० पर्यंत हे प्रमाण १५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासितविषयक कार्यालयाने ठेवले. त्यानंतर प्रमाण वाढले आहे. पण शंभरातले बहुसंख्य अजूनही दाराबाहेरच आहेत.

हे दार कसे अडते, याचा एक लहानसा अनुभव सांगतो. मी निर्वासित नाही; याच शहरात वाढलो. बी.ए.ला असताना एका ग्रंथालयात सभासद होण्यासाठी गेलो. आम्ही भाड्याच्या खोलीत राहत होतो. विजेचे बिल घरमालकाच्या नावाचे. पत्त्याचा पुरावा नाही, अनामत भरायला पैसे नाहीत आणि जामीन राहणारा ओळखीचा सभासदही नाही. तीन खेपा घातल्या, नंतर जाणे सोडले. शेवटी आमच्या एका प्राध्यापकांनी स्वतःच्या कार्डावर मला पुस्तके काढून दिली, म्हणून परीक्षा निभावली. आपल्याच गावात माझी ही गत, तर ज्याचे घर, दाखला आणि गुणपत्रिका सारेच मागे राहिले, त्याने काय करावे?

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, हा त्यांतील एका सूत्राचा आशय. त्यात रहिवासी दाखल्याची अट नाही. विस्थापित विद्यार्थ्यासाठी ग्रंथालयाने करावयाची कामे फार खर्चाचीही नाहीत. कागदपत्रे पूर्ण नसतील, तर शिक्षकाच्या एका ओळीच्या पत्रावर वाचनकक्षात बसू द्यावे. शब्दकोश आणि व्याकरणाची पुस्तके हाताशी ठेवावीत, कारण नव्या मुलखात आधी भाषेची भिंत ओलांडावी लागते. त्याच्या मातृभाषेतील चार पुस्तके तरी असावीत. हरवलेल्या गुणपत्रिकेची दुसरी प्रत कशी मागवावी, शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा, हे सांगणारा एक माणूस आठवड्यातून एक संध्याकाळ बसावा. आणि त्याची कहाणी त्याने स्वतः सांगेपर्यंत कोणी विचारू नये.

पालकहो, आपल्या शाळेच्या ग्रंथालयात हे सर्व सुरू करता येईल. आपल्या वस्तीतही दंगलीने, पुराने किंवा घर पाडले गेल्याने गाव बदललेली मुले येतात. त्यांना निर्वासित म्हणत नाहीत, एवढाच फरक. मुलांची जुनी क्रमिक पुस्तके रद्दीत न देता पुस्तकपेढीत द्या. एका खोलीच्या घरात राहणाऱ्यांसाठी वाचनकक्ष रात्री नऊपर्यंत उघडा राहावा, अशी मागणी करा. देखरेखीला आठवड्यातून दोन दिवस मी बसेन. विद्यार्थी मित्रहो, वर्गात नवा मुलगा आला, तर त्याला मधल्या सुट्टीत ग्रंथालयापर्यंत घेऊन जा आणि रजिस्टरमध्ये ओळख म्हणून तुमचे नाव लिहा.

आपले पूर्वज या शहरात आले, तेव्हा त्यांची मुले कोणत्या दारात उभी राहिली आणि कोणत्या दारातून परत फिरली, याची नोंद कोठेही नाही. आज दार आपल्या हातात आहे.