नागरी स्वातंत्र्य

नागरी स्वातंत्र्य म्हणजे राज्यसंस्थेच्या मनमानी हस्तक्षेपापासून व्यक्तीला मिळणारे कायदेशीर संरक्षण होय. विचार, उच्चार, संचार आणि संघटना यांची मोकळीक व बेकायदा अटकेपासून मुक्तता ही त्याची प्रमुख अंगे होत. मताधिकारासारखे राजकीय हक्क व्यक्तीला सत्तेत वाटा देतात, तर नागरी स्वातंत्र्य सत्तेलाच मर्यादा घालते. साहजिकच बहुमताने आलेल्या शासनालाही ते जाचक वाटू शकते.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २१ नुसार कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही. पण लगतचा अनुच्छेद २२ प्रतिबंधक स्थानबद्धतेस, म्हणजे पुढे काही अनिष्ट घडेल या आशंकेने खटल्याविना केलेल्या कैदेस, वाव देतो. अशा कैदेविरुद्धचा मुख्य उपाय देहोपस्थिती अर्थात हेबिअस कॉर्पस हा असून, त्याद्वारे न्यायालय बंदिवानास हजर करण्याचा व कैदेचा कायदेशीर आधार दाखविण्याचा आदेश देते. हा उपाय नसेल, तर हक्क कागदावरच राहतो, हे आणीबाणीत उघड झाले. २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ व २२ यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात दाद मागण्याचा हक्क स्थगित झाला. तरीही ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखालील स्थानबद्धांचे अर्ज ऐकता येतात, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर प्रकरणात चार विरुद्ध एक अशा मताने ही भूमिका फेटाळली. सुनावणीत न्या. ह. रा. खन्ना यांनी अनुच्छेद २१ मध्ये जीविताचाही अंतर्भाव असल्याकडे लक्ष वेधले, तेव्हा बेकायदा ठार मारले गेले तरी आणीबाणीत दाद नाही, इथवर सरकारी युक्तिवाद पोहोचला. तरी बहुमतातील चौघांपेक्षा एकट्या खन्नांचा भिन्न निर्णयच पुढे प्रमाण मानला गेला. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश नेमण्यात आले, तेव्हा खन्नांनी राजीनामा दिला.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ यांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करण्यास मनाई केली. जबलपूरचा निर्णय मात्र २०१७ मध्ये, खासगीपणाच्या हक्कावरील पुट्टस्वामी खटल्यात, अधिकृतपणे रद्दबातल ठरला. तो चुकीचा ठरविणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे १९७६ च्या बहुमतातील न्या. यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र होत. खटल्याविना कैदेची तरतूद मात्र अद्याप कायम असून, राष्ट्रीय सुरक्षा कायदा, १९८० आणि झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले इत्यादींच्या धोकादायक कृत्यांना आळा घालणारा महाराष्ट्रातील ‘एमपीडीए’ कायदा, १९८१ यांखाली व्यक्तीस बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येते.