पेट्रोल सोडून इलेक्ट्रिक कार घ्यायचीय? आधी पार्किंग आणि वीजबिल बघा

हिरव्या नंबर प्लेटची कार दारात उभी राहिली की शेजारीपाजारी, पाहुणेरावळे सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "एका चार्जिंगमध्ये किती जाते?"

प्रश्न चुकीचा नाही, पण त्याच्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. रात्री तुमची गाडी कुठे उभी राहते? आणि वर्षाला ती किती किलोमीटर चालते? इलेक्ट्रिक कार परवडणार की नाही, हे बऱ्याच अंशी या दोन उत्तरांवर ठरतं. कसं, ते नीट समजून घेऊ.

पेट्रोल आणि इलेक्ट्रिक कारमध्ये नेमका फरक काय?

पेट्रोल इंजिनात इंधन जळतं, पण त्यातली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. चाकांपर्यंत साधारण पाव ते तीस टक्केच पोहोचते. इलेक्ट्रिक मोटरमध्ये हेच प्रमाण ७५ टक्क्यांच्या पुढे जातं. त्यात ब्रेक लावताना किंवा घाट उतरताना मोटर उलटी जनरेटरसारखी चालते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, क्लच ही भानगडच नसते, त्यामुळे सर्व्हिसिंगचा खर्चही कमी होतो.

पण खरा बदल इंधन भरण्याच्या सवयीत आहे. पेट्रोल भरायला आपण पंपावर जातो आणि पाच मिनिटांत बाहेर पडतो. इलेक्ट्रिक कार मोबाइलसारखी असते. रात्री लावायची आणि सकाळी काढायची. म्हणजे तुमचा पेट्रोल पंप तुमच्या पार्किंगमध्ये येतो. पार्किंगच नसेल तर तो येणार कुठे?

चार्जिंगला किती वेळ लागतो?

बॅटरीची क्षमता किलोवॅट-अवरमध्ये मोजतात. एक किलोवॅट-अवर म्हणजे आपल्या वीजबिलावरचं एक युनिट. ४० किलोवॅट-अवरची बॅटरी भरायला साधारण ४० युनिट लागतात, वर थोडी गळती धरायची.

घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर साधारण तीन किलोवॅट मिळतात. अशी बॅटरी पूर्ण भरायला १३ ते १५ तास जातात. भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॅटचा चार्जर घेतला तर हेच काम सहा तासांत होतं. हायवेवरच्या डीसी फास्ट चार्जरवर १० ते ८० टक्के चार्जिंगला बहुतेक गाड्यांना पाऊण ते एक तास पुरतो. ८० टक्क्यांनंतर वेग मुद्दाम कमी केला जातो, कारण भरत आलेल्या बॅटरीत जोरात वीज ढकलली तर तिचं आयुष्य घटतं.

रोज तीस-चाळीस किलोमीटर चालवणाऱ्याला रात्रभराचं साधं सॉकेटही पुरतं, कारण रोज पूर्ण बॅटरी भरायची नसते. फक्त वापरलेली भर घालायची असते.

पैशांचं गणित काय सांगतं?

हिशोबासाठी सोपे आकडे धरू. तुमच्या शहरातले दर टाकून तुम्ही तो पुन्हा करू शकता.

पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि मायलेज १५ किलोमीटर धरलं, तर किलोमीटरला ७ रुपये पडतात. इलेक्ट्रिक कार एका युनिटमध्ये ६ किलोमीटर जाते आणि घरची वीज १२ रुपये युनिट पडते असं धरलं, तर किलोमीटरला २ रुपये. सार्वजनिक फास्ट चार्जरवर करासह २२ रुपये युनिट धरलं, तर किलोमीटरला साधारण पावणेचार रुपये.

आता समजा, इलेक्ट्रिक मॉडेल तशाच पेट्रोल गाडीपेक्षा ३ लाखांनी महाग आहे.

- वर्षाला १२,००० किलोमीटर आणि घरी चार्जिंग: वर्षाला ६०,००० रुपये वाचतात. जादा किंमत ५ वर्षांत वसूल.
- वर्षाला १२,००० किलोमीटर, पण सगळं चार्जिंग बाहेर: वर्षाला ४०,००० रुपये वाचतात. वसुलीला साडेसात वर्षं.
- घरी चार्जिंग, पण वर्षाला फक्त ५,००० किलोमीटर: वर्षाला २५,००० रुपये वाचतात. वसुलीला १२ वर्षं.

तिन्ही ठिकाणी गाडी तीच आहे. बदललं ते फक्त पार्किंग आणि रनिंग. रविवारी देवदर्शन आणि वर्षातून दोनदा गाव एवढाच वापर असेल, तर केवळ पैसे वाचवण्यासाठी इलेक्ट्रिक कार घेण्यात फारसा अर्थ नाही.

वीजबिलातली मेख कुठे आहे?

वर्षाला १२,००० किलोमीटर म्हणजे सुमारे २,००० युनिट, महिन्याला १६५ च्या आसपास. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. तुमचं घर आधीच २०० युनिट खात असेल, तर कार आल्यावर आकडा ३६५ वर जातो आणि ३०० च्या वरची युनिटं महागड्या टप्प्यात पडतात.

म्हणून गाडी बुक करण्याआधी गेल्या बारा महिन्यांची बिलं काढून बघा. ईव्ही चार्जिंगसाठी विजेची स्वतंत्र दरवर्गवारी आहे. वापर जास्त असेल, तर पार्किंगमध्ये वेगळं मीटर घेणं स्वस्त पडतं का, हे वीज कंपनीच्या कार्यालयात विचारून घ्या. त्याला वेगळा स्थिर आकार लागतो, तोही हिशोबात धरा.

सोसायटीत वाद का होतात?

बंगला असेल तर प्रश्न सुटला. शहरात मात्र बहुतेक जण फ्लॅटमध्ये राहतात. मीटर तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये आणि पार्किंग दुसऱ्या टोकाला. मधली केबल कुठून न्यायची? सोसायटीच्या सामायिक मीटरवरून वीज घेतली तर पैसे कुणी भरायचे? आग लागली तर जबाबदारी कुणाची? कमिटीच्या बैठकीत हे प्रश्न हमखास निघतात आणि ते अगदीच निराधार नसतात.

रात्री अकरानंतर दहा गाड्या साध्या सॉकेटवर लागल्या, तरी एकदम ३० किलोवॅटचा भार येतो. जुन्या इमारतीची वायरिंग आणि मंजूर भार त्यासाठी आखलेला नसतो.

यावर तीन मार्ग चालतात. तुमच्याच घराच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत केबल, पार्किंगमध्ये स्वतंत्र मीटर, किंवा सोसायटीचा सामायिक चार्जर, ज्यावर प्रत्येकाचा वापर वेगळा मोजला जातो. गाड्या वाढणार असतील तर तिसरा मार्ग सगळ्यांच्या सोयीचा. मार्ग कुठलाही निवडा, सोसायटीला लेखी अर्ज द्या आणि काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगसह करून घ्या. खिडकीतून खाली सोडलेली एक्स्टेन्शन वायर हा मार्ग नाही.

महाराष्ट्राच्या २०२१ च्या ईव्ही धोरणात नव्या निवासी प्रकल्पांतलं किमान २० टक्के पार्किंग चार्जिंगसाठी सज्ज ठेवण्याची तरतूद आली. नवा फ्लॅट घेताना बिल्डरला हे जरूर विचारा. जुन्या इमारतींत, चाळींत आणि गावठाणात, जिथे गाडी रस्त्यावरच लागते, तिथे मात्र अडचण कायम आहे. स्वस्त चार्जिंगचा फायदा आज मुख्यतः स्वतःची जागा असलेल्यालाच मिळतो.

सरकार काय सवलत देतं?

इलेक्ट्रिक गाड्यांवर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटीही २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्या स्वस्त झाल्यामुळे दोघींमधली दरी वाढली. म्हणजे जुन्या व्हिडिओतलं गणित आता जसंच्या तसं लागू होत नाही.

केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, पण तिच्यात खासगी कारसाठी अनुदान नाही. महाराष्ट्राने २०२५ च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी जाहीर केली. ऑगस्ट २०२५ मध्ये अटल सेतूपासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. एक्स्प्रेस वेवर कारचा एका बाजूचा टोल २०२३ मध्ये ३२० रुपये झाला. दर आठवड्याला मुंबई-पुणे करणाऱ्यासाठी ही रक्कम छोटी नाही.

आणि तो रेंजचा प्रश्न?

जाहिरातीतली रेंज चाचणीतली असते. प्रत्यक्षात तिच्या ६५ ते ७५ टक्के धरून चाला. इथे पेट्रोलच्या उलट घडतं. पेट्रोल गाडी हायवेवर जास्त मायलेज देते, इलेक्ट्रिक गाडी शहरात. ताशी १०० च्या वेगाला हवेचा विरोध बॅटरी खातो आणि ब्रेक कमी लागत असल्यामुळे वीज परतही येत नाही. खंडाळ्याचा घाट चढताना टक्के भराभर उतरताना दिसले तर घाबरू नका. परतीच्या उतारावर त्यातले थोडे परत मिळतात.

गणपतीत कोकणात जाणार असाल, तर मार्गावरचा एक चार्जर नाही, दोन हेरून ठेवा. त्या दिवसांत रांग असू शकते किंवा एखादा बंद असू शकतो.

बॅटरीवर बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळते, हे कराराच्या कागदावर वाचा.

प्रदूषण खरंच कमी होतं का?

गाडीच्या मागून धूर येत नाही, हा शहराच्या हवेचा थेट फायदा. पण वीज कुठून येते? भारतात आजही सुमारे ७० टक्के वीज कोळशापासून बनते आणि एका युनिटमागे सरासरी सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्या हिशोबात किलोमीटरला साधारण १२० ग्रॅम. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो निघतो, म्हणजे किलोमीटरला १५० ग्रॅमच्या वर. बॅटरी बनवतानाचं प्रदूषण वेगळं.

थोडक्यात, फायदा आहे, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा हिरवागार नाही. फरक असा की पेट्रोल गाडी जुनी होईल तसा तिचा धूर कमी होत नाही. ग्रिडमध्ये सौर आणि पवनऊर्जा वाढेल तशी आज घेतलेली इलेक्ट्रिक गाडी मात्र आपोआप स्वच्छ होत जाईल.

मग घ्यायची की नाही?

स्वतःचं पार्किंग, तिथे वीज आणि महिन्याला हजार किलोमीटरच्या पुढे रनिंग असेल, तर इलेक्ट्रिक कारचा विचार नक्की करा. यातल्या दोनच गोष्टी असतील, तर वरचं गणित स्वतःच्या आकड्यांनी करून बघा. एकच असेल, तर आणखी काही वर्षं पेट्रोल गाडी चालवण्यात कमीपणा नाही.

टेस्ट ड्राइव्हला जाण्याआधी एकदा पार्किंगमध्ये जा आणि सर्वात जवळचा सॉकेट शोधा. निर्णयाची सुरुवात तिथून करा.