काली फॉर विमेन
दिल्ली येथील स्त्रीवादी प्रकाशनसंस्था (१९८४–२००३); केवळ स्त्रियांचे व स्त्रीविषयक लेखन प्रसिद्ध करणारी भारतातील पहिली संस्था.

स्थापना : उर्वशी बुटालिया व रितू मेनन यांनी तुटपुंज्या भांडवलावर ती सुरू केली. बुटालिया यांना ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस व लंडनच्या झेड बुक्स येथील कामाचा अनुभव होता. हुंडाविरोधी व बलात्कारविरोधी आंदोलनांतून (पहा : स्त्रीमुक्ती चळवळ) पुढे आलेल्या प्रश्नांवर भारतीय पुस्तके फारशी नव्हती, हे स्थापनेमागील मुख्य कारण.

वैशिष्ट्ये : लेखनामागील श्रमाचे श्रेय कोणाला, या प्रश्नाचे संस्थेने दिलेले सर्वांत ठोस उत्तर म्हणजे ‘शरीर की जानकारी’ हे हिंदी पुस्तक. राजस्थानातील ७५ ग्रामीण स्त्रियांनी आरोग्य-कार्यशाळांतून ते घडविले आणि त्या सर्वजणी त्याच्या लेखिका ठरल्या. पहिल्या मसुद्यातील नग्न आकृत्या गावात चालणार नाहीत, असे त्यांनीच सांगितले. म्हणून चित्रांतील वस्त्रांना उचलता येणाऱ्या झडपा लावून आतील अवयव दाखविण्यात आले. गावातील स्त्रियांना ते अल्प किमतीत मिळे. संपादकांनी या लेखिकांचा निर्णय मान्य करणे, हे संस्थेच्या कार्यपद्धतीचे मर्म होय. वंदना शिवा यांचे ‘स्टेइंग अलाइव्ह’ (१९८८), कुमकुम संगारी व सुदेश वैद संपादित ‘रीकास्टिंग विमेन’ (१९८९) आणि राधा कुमार यांचे ‘द हिस्टरी ऑफ डूइंग’ (१९९३) हे इतर महत्त्वाचे ग्रंथ.

महत्त्व : संस्थेच्या ग्रंथांमुळे स्त्री-अभ्यासाच्या (पहा : स्त्री-अभ्यास) अभ्यासक्रमांना भारतीय संदर्भग्रंथ मिळाले. २००३ मध्ये संस्थापिका वेगळ्या झाल्या. बुटालिया यांनी ‘झुबान’, तर मेनन यांनी ‘विमेन अनलिमिटेड’ सुरू केली. दोघींना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.