कृश देहातील मेद

बीड जिल्ह्यातील नारायणगडास लोक धाकटी पंढरी म्हणतात. त्या मुलखातून दरसाल हजारो माणसे ऊसतोडीस जातात. अशा सडपातळ, उन्हातान्हात राबणाऱ्या मनुष्यास कधी मधुमेह जडेल, हे आपल्या मनातही येत नाही. हा रोग गादीवर बसणाऱ्या, पोट सुटलेल्या धनिकांचा, ही आपली समजूत जुनी आहे. ती ढासळली कशी, याचा वृत्तांत पुष्कळसा महाराष्ट्रातच घडला आहे.

चरकाने प्रमेहाचे रोगी स्थूल व कृश असे दोन प्रकारचे सांगितले आणि त्यांची चिकित्साही निराळी ठरविली. तथापि एवढ्यावरून आपल्या ग्रंथांत सर्व काही आधीच होते असे म्हणण्याचा मोह आवरलेला बरा. कृश दिसणाऱ्या देहातही मेद दडून बसतो, हे केवळ डोळ्यांना कळणारे नव्हे. त्यासाठी रक्तातील प्रथिने मोजता यावी लागली.

इन्सुलिन हे त्यांपैकी पहिले. ते १९२१ साली टोरांटो येथे हाती आले, परंतु रक्तात ते किती आहे हे अचूक मोजण्याची युक्ती रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी शोधून काढीपर्यंत १९६० साल उजाडले. मग एक चमत्कारिक गोष्ट उघड झाली. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात पुष्कळदा इन्सुलिनचा तुटवडा नसून आधिक्यच असते. शरीर त्याला दाद देत नाही, इतकेच. पुढे १९९४ साली न्यूयॉर्क येथे जेफ्री फ्रीडमन यांना लेप्टिन सापडले. मेदाच्या पेशी हे प्रथिन रक्तात सोडतात आणि साठा किती आहे याची वर्दी मेंदूस देतात. ज्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले त्याचा अर्थ ‘कृश’ असा आहे, हा योगायोग आपल्या विषयास फारच साजेसा म्हटला पाहिजे.

याच सुमारास, १९९३ साली, पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास आरंभिला. इंग्लंडातील साउदॅम्प्टन येथील डॉ. डेव्हिड बार्कर यांचे म्हणणे असे होते की, प्रौढपणीच्या रोगांचे बीज गर्भावस्थेत पडते. ते आपल्याकडे पडताळून पाहावयाचे होते. खेड्यांतील त्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५. आपली बाळे सर्वच मापांत लहान होती. पण स्नायू व पोट यांत ती जितकी उणी होती, तितकी पाठीवरच्या कातडीखालील मेदात नव्हती. निसर्गाने काटकसर केली ती मांसात. मेद मात्र राखून ठेवला!

२००२ साली पुणे व लंडन येथील नवजात बालकांच्या नाळेतील रक्ताची तुलना प्रसिद्ध झाली. पुण्याची बाळे हलकी होती. तरी वजनाच्या मानाने त्यांच्या रक्तात लेप्टिन अधिक होते, आणि इन्सुलिनही. म्हणजे तूप-साखरेचा घास तोंडात पडण्यापूर्वीच त्या प्रथिनांनी साक्ष दिली होती. या बाबतीत माणसाच्या आळसाला सर्व दोष देणाऱ्यांनी थोडे थांबावयास हवे.

दोन वर्षांनी याज्ञिकांनी स्वतःलाच उदाहरण म्हणून पुढे केले. ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात त्यांचे व लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. उंची व वजन यांवरून काढलेला अंक दोघांचाही २२.३, शरीरातील मेद मात्र युडकिनांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के. वजनकाट्यावरचा आपला विश्वास डळमळीत करण्यास हे एक चित्र पुरेसे आहे.

तेव्हा मातेस अधिक जेवू घातले की झाले काय? तेही इतके सरळ नाही. खेड्यांतील ज्या माता पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे मोठी होती. उलट ज्यांच्या रक्तात फोलेट भरपूर, पण ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक आढळली. ती मुले आता तिशीच्या आसपास आहेत. २०१२ साली, ती वयात येत असतानाच, त्यांच्यापैकी काही मुलामुलींस ब-१२ च्या अल्प मात्रा देण्याचा प्रयोग सुरू झाला. पुढे मुलींच्या पोटी जन्मलेल्या बाळांच्याही नाळेतील रक्त तपासण्यात आले.